पाच विल्यमांचं ओझं

मित्रांनो, तुम्ही बसा. मी एक जुनं सागवानी कपाट आहे; मला जन्मापासून उभंच राहावं लागलं. अकोटच्या सुताराने मला घडवलं, तेव्हा माझ्या लाकडाचा वास घेत मेळघाटातला वाघ अकोटच्या वेशीपर्यंत आला होता म्हणतात. म्हणतात म्हणजे, मीच म्हणतो.

पुढे अकोल्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात आलो. माझ्या मधल्या फळीवर पाच जाडजूड विल्यम बसले. युरोपच्या मध्ययुगातले हे विचारवंत नि धर्मगुरू. नाव एकच, म्हणून गावावरून ओळखायचे. ओकमचा, शांपोचा, ओव्हेर्नचा, काँशचा, मोर्बेकचा. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ही पुस्तकं भांडत. ओकमचा म्हणे, विनाकारण पसारा वाढवू नये. आणि उरलेल्या चौघांकडे बघे. त्या वादानेच माझी फळी वाकली. खरं वाटत नसेल, तर फळी बघा.

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या कुंदा मॅडम होत्या, तोवर माझं दार रोज उघडे. त्या निवृत्त झाल्या आणि माझी विचारपूस फक्त वाळवी करू लागली.

परवा नवे ग्रंथपाल आले, रोहित सर. मॅडमचेच जुने विद्यार्थी. फळी बघून म्हणाले, "एकाच माणसाची पाच पुस्तकं? एक ठेवा, बाकी रद्दीत. कपाटही काढा, अशी अजून आहेत."

संध्याकाळी रद्दीची गाडी येणार होती. इतका थकलो होतो, की क्षणभर हायसंच वाटलं. पण चौघे जमिनीवर गेले, तरी फळी वाकडीच राहिली. वर ओकमचा एकटा; वाद घालायला कुणी उरलं नव्हतं.

तेवढ्यात कुंदा मॅडम नेलेलं पुस्तक परत करायला आल्या.

"काहून रे रोहित, हे काय करून राहिला?"

"मॅडम, सारे विल्यमच तर आहेत."

"अकोटच्या रऊफचा निकाह असला, तर तिवस्याच्या रऊफले घोड्यावर बसवशीन काय? गाव वाच ना, बाप्पा! अन् हे कपाट अकोटचं आहे, मी स्वतः निवडलेलं. याले हात लावू नको."

सर ओशाळून हसले. पुस्तकं पुसून परत ठेवली. माझी कंबर पुन्हा ठणकू लागली. ओकमच्याने मात्र तेव्हापासून पसाऱ्याचा विषय काढलेला नाही. एकटं राहून बघितलं ना त्याने.

मित्रांनो, कुणालाही टाकण्याआधी त्याचं गाव तेवढं विचारा. आणि इकडे आलात, तर माझ्या फळीखाली एक टेकू लावा. मी मोडलो तर पाचही खाली येतील, आणि तेव्हा मॅडम असतीलच असं नाही.