दोनशे चाळीसचा स्क्रीन

योगिताला न्यायला जीप आली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. अंबाजोगाईत तिचं कॉम्प्युटरचं दुकान. मेडिकलच्या पोरांचे लॅपटॉप दुरुस्त करायची, कुणाला हवा असला तर गेमिंगचा कॉम्प्युटर जोडून द्यायची. "आप्पांच्या बजरंगचा कॉम्प्युटर बघायचाय," ड्रायव्हर म्हणाला. आप्पारावांना त्या भागात कुणी नाही म्हणत नसे. ती बसली.

मांजरसुंब्याच्या अलीकडे जीप शेतातल्या बंगल्याकडे वळली. ओसरीवर आप्पाराव होते. समोरच्या खुर्चीत जीवन. बीडच्या या दुकानदाराकडून योगिताही कधीमधी माल आणायची. त्यानं मान वर केली नाही. त्याचा मोबाइल आप्पांच्या पुढ्यात होता आणि एका पायात चप्पल नव्हती.

"ह्यानं आमाला नवा कॉम्प्युटर दिला, वर दोनशे चाळीसचा स्क्रीन दिला," आप्पा शांतपणे म्हणाले. "पोरगं म्हणतंय, साठवरच चालतोय. फसवलं का न्हाई, एवढंच सांगा ताई. म्होरलं आमी बघतो."

आत विशीतला बजरंग पाय हलवत बसला होता. योगितानं सेटिंग उघडलं. स्क्रीन खरंच साठवर अडकला होता. तिनं दोनशे चाळीस केलं. बजरंगनं गोळीबाराचा खेळ लावला. कोपऱ्यातला आकडा शंभराच्या वर जाईना.

"स्क्रीन सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं दाखवू शकतो," ती म्हणाली, "पण कॉम्प्युटर शंभरच बनवतोय."

"म्हंजे फसवलंच की!" बजरंग दाराकडे निघाला.

"थांबा. जरा वेळ द्या मला."

तिनं खेळातल्या सावल्या कमी केल्या, धूर कमी केला, गवत काढून टाकलं. आकडा दीडशेवर गेला, मग दोनशे तीसवर. चित्र तयार होईल तेव्हाच स्क्रीननं ते दाखवावं, अशी दोघांची सांगडही घातली. बजरंगनं माउस झरकन फिरवला. चित्र कुठंच फाटलं नाही.

"गवत कुठं गेलं?"

"शत्रूला लपायला जागा नको. पट्टीचे खेळाडू असंच खेळतात."

तो लई खूश झाला. पण आतल्या, चित्रं बनवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा किंचाळल्यासारखा फिरत होता. योगितानं तापमान पाहिलं. चौऱ्याण्णव. नव्या कार्डाचं एवढं असायला नको. सांगावं असं तिच्या ओठांवर आलं. खिडकीतून जीवनचा अनवाणी पाय दिसत होता. तिनं तापमानाचा आकडा बंद केला.

"फसवलं का?" आप्पांनी बाहेर विचारलं.

"नाही. सेटिंग चुकलं होतं."

"तुमी सांगताय म्हणून सोडतो ह्याला." आप्पा हसले. "आता ह्या कॉम्प्युटरला काय झालं तर तुमाला विचारणार."

जीपनं दोघांना मांजरसुंब्याच्या चौकात सोडलं. ढाब्यासमोर जीवननं बाटली तोंडाला लावली, अर्धं पाणी शर्टावर सांडलं.

"ताई, ते कार्ड जुनं हाय," तो म्हणाला. "बिटकॉइनसारखे डिजिटल कॉइन काढायला दोन वर्षं रात्रंदिवस चालवलेलं. पुसून नव्या खोक्यात घातलं मी."

"मघाशी का बोलला न्हाईस?"

"बोललो असतो तर सोडलं असतं का मला?"

"आन् आता मला सोडतील का?" योगितानं विचारलं. बीडची एसटी आली तसा तो चढला.

सतराव्या दिवशी बजरंगचा फोन आला. खेळता खेळता स्क्रीन काळा पडला होता, जळका वास येत होता. योगितानं जीवनला फोन लावला, बंद. बीडमधल्या ओळखीच्यांना विचारलं. आठ दिवसांपासून त्याचं शटर खाली होतं, घरचेही गाव सोडून गेले होते.

तिनं दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी आणलेलं कोरं कार्ड बाहेर काढलं. तासाभरात जीप दारात उभी राहिली.

"हे कार्ड न्या," ती म्हणाली. "बसवायचं कसं ते मी फोनवर सांगते."

ड्रायव्हरनं खोक्याला हात लावला नाही. "आप्पा कार्डाचं न्हाई बोलले. तुमाला बोलावलंय."

"मी येणार नाही."

त्यानं मान डोलावली, जीपचं इंजिन बंद केलं आणि दुकानासमोरच सीट मागं करून पडला. लॅपटॉप घेऊन आलेली दोन पोरं जीपवरचं आप्पांचं नाव वाचून रस्त्यातूनच माघारी फिरली. योगितानं बहिणीला, सत्यशीलाला, फोन लावला आणि आपण परतलो नाही तर कुठं शोधायचं ते कळावं म्हणून आप्पांच्या बंगल्याचा रस्ता तिला नीट समजावून सांगायला लागली.