वरच्या तीन खोल्या

"कोट घालून कुठं निघालीस?" रूपर्टनं बहिणीला जिन्यातच अडवलं.

"पत्र टाकायला."

विनिफ्रेडच्या खिशातल्या पत्रात होकार होता. समुद्रकाठच्या एका शाळेत कारकुनाची जागा, राहायला खोली आणि शेजारी जुनी मैत्रीण मॉड. आज तीनच्या टपालानं उत्तर गेलं नाही, तर जागा दुसरीला मिळणार होती. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी तिला पहिल्यांदाच कुणीतरी बोलावलं होतं.

कोम्बहर्स्टची हवेली तीनशे वर्षं त्यांच्या घराण्याची. वडील गेले आणि वारसाकराच्या धसक्यानं रूपर्टनं ती जुन्या वास्तू जपणाऱ्या एका मंडळाला देऊन टाकली. अट एवढीच, की घरातलं कुणीतरी इथं कायम राहील तोवर वरच्या तीन खोल्या घराण्याच्या. ते कुणीतरी म्हणजे बिनलग्नाची विनिफ्रेड, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. आठ वर्षं ती परक्या लोकांना स्वतःचं घर हिंडून दाखवत होती. रूपर्टसाहेब शिकारीच्या दिवसांत उगवायचे आणि गारठ्याला नावं ठेवत लंडनला परतायचे.

पत्रातला मजकूर ऐकून तो म्हणाला, "तू गेलीस की खोल्या गेल्या."

"मग तूच राहा की."

"मी? या थंडीत? काहीतरीच काय, विनी! अगं, तीनशे वर्षं सांभाळलंय आपल्या माणसांनी. तुझ्या हातून जायला हवंय का ते?"

हे बरं होतं! हवेली देऊन टाकली यानं, आणि घालवणार म्हणे ती! लहानपणापासून ती त्याच्यापुढं अशीच हरत आली होती.

खाली घंटा वाजली. अडीचची मंडळी आली होती. तिनं कोट काढून खुंटीला टांगला. पत्र खिशातच राहिलं.

भोजनाच्या दालनात ती एकेका तसबिरीपुढं थांबत गेली. हे सर राल्फ, घर बांधणारे. हे सर जॉर्ज, निम्मी जमीन जुगारात उडवणारे.

"सगळे बाप्येच?" एका लठ्ठ बाईंनी विचारलं. "मुली नव्हत्या होय या घरात?"

"होत्या ना. लग्न झालं की आपापली तसबीर सासरी घेऊन जायच्या."

"आणि ज्यांचं लग्नच झालं नाही?"

"त्यांच्या तसबिरी काढत नसत."

"अगं बाई! मग त्या गेल्या तरी कुठं?"

"कुठंच नाही," विनिफ्रेड म्हणाली, आणि पुढच्या दालनाच्या दाराला आडवा बांधलेला दोर सोडून बाजूला उभी राहिली.