पिंपळनेरचे डालगे, पिंप्राळ्याचे अंगण

मित्रांनो, मी एक जुने डालगे आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल, म्हणून सांगते. उपडी ठेवलेली बांबूची मोठी टोपली म्हणजे मी. संध्याकाळी कोंबड्यांवर मला झाकतात आणि वर दगड ठेवतात. मग मांजर आले तरी हात हलवीत परत जाते.

पिंपळनेरच्या झिपरूनानाने मला विणले. तिथल्या बाजारातून नासीरभाईने मला एसटीच्या टपावर घालून जळगावात, पिंप्राळ्याला आणले. तेव्हा इथे घरे विरळ होती आणि अंगणे मोठी. दिवेलागणीला नासीरभाईची बायको कनीज कण्या टाकायची आणि सगळ्या कोंबड्या माझ्या पोटात शिरायच्या. आधी जागेवरून भांडायच्या, मग एकमेकींना चिकटून झोपायच्या. फार सुखाचे दिवस होते ते. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, असे लोक मोठ्या शहाणपणाने म्हणतात. अहो, उजेड अडवायला मला कोणी विणलेच नव्हते!

पुढे कॉलन्या वाढल्या, अंगणे आखडली. शेजारी द्रौपदाबाई राहायला आल्या, मूळच्या धुळ्याकडच्या. बाई मनाने चांगल्या. पण त्यांचा मुलगा प्रशील रात्रपाळी करून पहाटे झोपायचा आणि नेमका तेव्हाच आमचा कोंबडा आरवायचा. शेवटी वैतागून त्यांनी पालिकेत तक्रार केली. थोड्याच दिवसांत कनीजला नोटीस आली, की वस्तीत कोंबड्या पाळता येणार नाहीत, आठ दिवसांत हलवा.

त्याच वेळी आमची म्हातारी कवडी कोंबडी माझ्याखाली अंड्यांवर बसली होती. हे तिचे शेवटचेच बसणे. बसलेली कोंबडी हलवली तर अंडी वाया जातात. कनीजने बाकीच्या कोंबड्या आणि कोंबडा जामनेरला बहिणीकडे पोचवला. कवडी तेवढी राहिली. मला तिची फार काळजी वाटत होती.

द्रौपदाबाई कुंपणापाशी आल्या. खाली मान घालून म्हणाल्या, "मी ते फक्त कोंबडानं सांगेल व्हतं. बठ्ठास्वर गदा यी, हाई माले काय माहीत?"

सगळ्यांवर गदा आली होती खरी. कनीजने मला जरासे उचलून कवडीला पाणी ठेवले.

मुदत संपली तसे पालिकेचे भटूभाऊ पिंजरा घेऊन आले. त्यांनी मला उचलायला हात घातला, तोच द्रौपदाबाई मध्ये उभ्या राहिल्या. "भाऊ, तक्रार मीच करेल शे. बसेल कोंबडीले उठाडू नका. पिल्लं निघू द्या."

भटूभाऊंनी पिंजरा खाली ठेवला. "नियम मी नई बनाडा, अक्का. सोमवारलोंग थांबस. मंग मन्हा हातमा काही नई."

रविवारी सकाळी माझ्या पोटात चिवचिव सुरू झाली. मी आनंदाने फाटायचेच बाकी होते! सोमवारी कवडी आणि तिची पिल्ले खोक्यात घालून कनीज रिक्षात बसली. खोके मांडीवर धरून द्रौपदाबाईही जामनेरपर्यंत गेल्या. मी मात्र रिक्षात मावले नाही.

मित्रांनो, शहराला नियम हवेतच. दमून आलेल्या माणसाला झोपही हवी. पण तक्रार करण्याआधी एकदा शेजारच्या दारात जाऊन बोला. द्रौपदाबाई बोलल्या असत्या, तर कनीजने एकटा कोंबडाच जामनेरला धाडला असता, आणि आज दिवेलागणीला मी असे रिकामे बसले नसते.