दोन खळगे

"नाही होणार इथे. दुसरीकडे न्या," असं सून गिऱ्हाइकाला सांगत होती, तेवढ्यात तिच्या हातातलं स्टिअरिंग मागून कुणीतरी ओढून घेतलं.

मागे सासू उभी होती. चष्मा कपाळावर, अंगठ्याला चामड्याची पट्टी गुंडाळलेली.

"काय होणार नाही गं? चाळीस वर्षं गाड्यांच्या गाद्या आणि स्टिअरिंगं शिवतेय मी. आजच हात झडले का माझे?"

"तसं नाही, आई. काम साठलंय. त्या बसच्या गाद्या उद्या द्यायच्यात."

"गाद्या तू शिव. हे माझं काम आहे."

"मग हेही मीच करते. तुमचे डोळे..."

"डोळ्यांना काय धाड भरलीय? सुईत दोरा अजून मीच ओवून देते तुला."

ड्रायव्हर लोक तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे दाभण. गोणपाटात, चामड्यात आरपार जाते ती जाड सुई. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. भोक पाडल्याशिवाय टाका बसत नाही, असं तिचं म्हणणं. आता भोकं किती पाडली आणि त्यातली किती शिवली, याचा हिशेब तिला कुणी विचारला नव्हता. विचारायची छाती कुणाची होती?

स्टिअरिंग घेऊन आलेला माणूस बर्फवाला होता. जुनी गाडी घेऊन आठच दिवस झाले होते, म्हणून खुशीत होता. तसा जुनी गाडी घेणारा पहिला महिना खुशीतच असतो.

"माल मिळालाय, मावशी! पुढची काच नवी, बॉनेट नवं, ड्रायव्हरकडचं दार तर नवं कोरं. हे एवढंच जुनं राहिलंय. हाताला चिकटतं, वासही मारतं. काढून फेका आणि झकास काळं चामडं चढवा."

"एवढं सगळं नवं? म्हातारीला पावडर फासून तुझ्या गळ्यात मारलीय म्हण की."

"दोन वर्षं उभी होती म्हणे यार्डात. उभ्या गाडीला कोण विचारतो? म्हणून तर स्वस्तात पडली."

"बर्फ विकून विकून अक्कल गोठलीय तुझी. दुपारी ये."

बर्फवाला हसत हसत गेला. मावशीची बोलणी खाल्ल्याशिवाय काम पक्कं झालं असं कुणाला वाटत नसे.

सून मात्र तिथेच उभी होती. स्टिअरिंग अजून हातात असल्यासारखे तिचे हात पुढे राहिले होते.

"आई, खरंच मी करते."

"पूर्वी ड्रायव्हर दिसला की आधी उठून पुढे यायचीस. आता येतेस ती गिऱ्हाईक घालवायला. जा, गाद्या बघ."

सून मागच्या बाजूला मशीनवर जाऊन बसली.

बोलणं खोटं नव्हतं. मुलगा घर सोडून गेला त्याला सहा वर्षं झाली होती. पहिली चार वर्षं सून दुकानात येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला चहाचा कप हातात देऊन विचारायची, "तुमच्या फिरण्यात कुठे डाव्या हाताला तीनच बोटं असलेला ड्रायव्हर दिसला का?" त्या वेळी सासू मेण लावलेल्या दोऱ्याला आणखी मेण लावत बसायची. कान तिकडे, मान इकडे. स्वतः तिने कधी विचारलं नाही. जो गेला त्याने मागे वळून बघावं, राहिलेल्यांनी का वाटा धुंडाळायच्या? तिचं एकच वाक्य होतं. सकाळी दुकानाचं शटर वर करताना एक टोक तिच्या हातात, दुसरं सुनेच्या. शटर वर गेलं की म्हणायची, "येईल. नाक घासत येईल."

मग दोन वर्षांपूर्वी सून एका दिवसासाठी भावाकडे म्हणून गेली, परतली ती ताप घेऊन, आणि उठल्यावर तिने विचारणं बंद केलं.

"विसरलीस त्याला," सासूने तिला कितीदा तरी ऐकवलं होतं. "बरंय बाई. विसरायला काही कष्ट पडत नाहीत."

त्यावरही सून कधी बोलली नाही. सासूला वाटलं, बोलायला तोंड आहे कुठे तिला.

ती दोन बोटं कशी गेली हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्याबद्दल कुणी बोलत नसे. चामडं कापायच्या मशीनला पायाचं पेडल होतं. मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा. पात्याखाली चामडं सारखं करत होता आणि पेडलपाशी बसलेली ही, त्याची आई, त्याला कशावरून तरी झाडत होती. बोलण्याच्या भरात हिचा पाय खाली गेला. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. हिच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते, "लक्ष कुठे होतं तुझं?"

पुढे जखम भरली, लग्न झालं, तो तीन बोटांनी टाके घालायलाही शिकला. पण एक दिवस म्हणाला, मला या मशीनखाली जन्म काढायचा नाही, मी गाडी चालवणार. ती म्हणाली होती, "तीन बोटांच्या हातात गाडी कोण देतो, बघतेच मी."

दुसऱ्या दिवशी त्याचं अंथरूण घडी घातलेलं होतं.

आता ती स्टिअरिंग मांडीवर घेऊन बसली आणि सवयीने आधी त्याची मागची बाजू फिरवून पाहिली. पुढची बाजू सगळ्यांची सारखीच झिजते. ड्रायव्हरचा हात कळतो तो मागून, जिथे बोटं वळून बसतात तिथे. कुणी आवळून धरणारा असतो, कुणी नुसता हात ठेवणारा. उजव्या अंगाला चार खळगे होते, शेंगेतले दाणे काढल्यावर टरफल दिसतं तसे एकाखाली एक. तिने बोट फिरवत डाव्या अंगाला आणलं.

दोन.

पुन्हा फिरवलं. दोनच. त्यांच्या खाली, जिथे आणखी दोन हवे होते, तिथलं चामडं सपाट आणि जवळजवळ नवं होतं.

"तीन बोटांचा माणूस काय जगात एकच असतो?" तिने स्वतःलाच दटावलं. पण चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला होता, आणि चामडं कापायची रापी घेतलेला हात नेहमीसारखा एका झटक्यात शिवणीवर उतरला नाही. स्टिअरिंगच्या आडव्या आऱ्याजवळ, शिवण संपते तिथे, तिने हळूच टोक घातलं. बाकीचे कारागीर तिथे गाठ मारतात. हिच्या दुकानात गाठ मारायची नाही. दोऱ्याचं टोक तीन टाके मागे नेऊन आतल्या आत दडवायचं. गाठ दिसली की काम दिसलं, असं म्हणत लाकडी पट्टी मनगटावर मारून मारून तिने हे एकाच माणसाला शिकवलं होतं.

तिने टोक ओढलं. दोरा एका टाक्याखालून सुटला, दुसऱ्याखालून सुटला, तिसऱ्याखालून बाहेर आला. वरून घामाने काळा पडलेला, आतून अजून मेणाचा पिवळा.

डाव्या अर्ध्या भागातले टाके जरा तिरके होते. त्या हाताला दोरा ताणून धरता आला नव्हता. चामड्याच्या कडेला एके ठिकाणी दातांची खूण होती. दोरा दातांत धरून ओढला होता गाढवाने.

"दिली," ती पुटपुटली. "दिली की कुणीतरी गाडी."

हसू आलं तिला. सहा वर्षांत ती हरल्यावर एवढी कधी सुखावली नव्हती. तिरके का होईना, टाके माझेच. अगं, इकडे ये, बघ तुझ्या नवऱ्याचे प्रताप, असं ओरडायला तिने तोंड उघडलं. मग वाटलं, आधी उजेडात नीट पाहावं. ती उठून दारापाशी आली.

दोन खळग्यांमध्ये पांढरं काहीतरी दिसत होतं. मेण असेल म्हणून तिने नखाने खरवडलं. मेण नव्हतं. बुरशी होती, आणि ती फक्त खळग्यांमध्ये होती. बाकी सगळीकडे नुसती धूळ.

ही गोष्ट तिने शंभर गिऱ्हाइकांना सांगितली असेल. हात फिरत राहिला तर चामडं जगतं. गाडी उभी राहिली की घाम प्यायलेली जागा आधी नासते. त्या हातानंतर या स्टिअरिंगवर दुसऱ्या कुणाचा हात नीट बसलाच नव्हता. बर्फवाल्याचे आठ दिवस म्हणजे काहीच नाही.

बर्फवाल्याची बडबड आता तिला एकेक वाक्य करून ऐकू आली. पुढची काच नवी. बॉनेट नवं. ड्रायव्हरकडचं दार नवं कोरं.

दोन वर्षं उभी होती.

ती दारातच खाली बसली. रस्त्यावरून कुणीतरी "काय मावशी" म्हणून गेलं, तिने मान हलवली. मग तिच्या लक्षात आलं की मागे मशीनचा आवाज नाही. कधीपासून नाही, ते तिला सांगता आलं नसतं. तिने मान वळवली. सून पाठमोरी बसली होती. पाय पेडलवर, बसच्या गादीचं कापड सुईखाली, आणि दोन्ही खांदे वर ओढलेले, मागून घाव येणार हे ठाऊक असलेल्या माणसाचे असतात तसे.

त्या पाठीकडे बघता बघता म्हातारीला सगळं उलगडत गेलं. भावाकडे म्हणून काढलेला तो एक दिवस. ताप. बंद झालेलं विचारणं. सकाळचं "दुसरीकडे न्या". स्टिअरिंग हातात घेतलं तेव्हा तिचीही बोटं मागे गेली असणार. तो हात ओळखायला तिला टाके उसवून बघायची गरज नव्हती.

"सांगितलं का नाहीस?" हे शब्द अगदी ओठांवर आले. चांगले धारदार आले. त्यांच्यामागे आणखी दहा उभे होते.

पण उत्तर तिला ठाऊक होतं. दोन वर्षं रोज सकाळी शटरचं दुसरं टोक धरून ती पोर ऐकत होती: येईल, नाक घासत येईल. ऐकत होती, आणि म्हातारीचं तेवढं राहू देत होती. विसरलीस म्हटलेलंही ऐकून घेत होती.

म्हातारीने तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा असावं.

तिने करंगळी आणि शेजारचं बोट दुमडलं आणि उरलेली दोन त्या खळग्यांत ठेवली. थोडा वेळ ठेवली. मग जुनं चामडं उसवून काढलं, नव्या चामड्यावर पसरलं आणि खडूने भोवती रेघ मारली. खळगे कापात घ्यायचे नसतात. नवं चामडं सरळच कापायचं, नवा हात आपली जागा आपण करतो. तिने सरळ कापलं. ओलं करून चढवलं, दोन सुया घेतल्या आणि टाके घालत राहिली. दोनदा टाका चुकला, दोनदा उसवला.

"आई, चहा ठेवू?" सुनेने तिकडूनच विचारलं. आवाज चाचपडत आला.

"ठेव."

एवढंच बोलून ती थांबली आणि तिला जाणवलं की मागची शांतता आणखी ताणली गेली आहे. तासाभरात तिने सुनेला एकही टोमणा मारला नव्हता. असं चाललं तर आपलं बिंग आपणच फोडू.

"आणि साखर घाल जरा," ती मोठ्याने म्हणाली. "कालचा चहा होता की भांडी विसळलेलं पाणी?"

मागे कप वाजले.

दुपारी बर्फवाला आला. त्याने स्टिअरिंग हातात फिरवून फिरवून पाहिलं.

"वा! मावशी, गाठ कुठेय पण?"

"गाठ शोधायला आलास की गाडी चालवायला?"

"आणि ते जुनं? फेकलंत ना?"

"फेकलं," ती म्हणाली. ती ज्या गादीवर बसली होती, तिच्याखाली ते होतं.

तो स्टिअरिंग खांद्याला अडकवून निघाला. सून चहाचे कप घेऊन पुढे येत होती.

"थांब रे जरा," म्हातारी म्हणाली.

तो थांबला. सूनही होती तिथे थांबली. म्हातारीने सुनेकडे पाहिलं नाही. हातातल्या दोऱ्याला मेण लावलेलं होतं, तरी ती आणखी मेण लावत राहिली.

"तू आता गाडी घेऊन चार गावं फिरशील."

"फिरणारच की."

"तुला कुठे डाव्या हाताला तीनच बोटं असलेला ड्रायव्हर दिसला..." तिला खोकला आला. तो तिने नीट खोकून घेतला. "दिसला तर सांग. माझा मुलगा आहे. त्याला म्हणावं, आईने विचारलंय."

"तीन बोटांनी गाडी चालवतो?" बर्फवाला म्हणाला. "हुशार असला पाहिजे, मावशी."

"आहेच."

"दिसला की सांगतो. माझ्याकडे लागलं!"

तो रस्ता ओलांडून गेला. म्हातारी तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. मागे कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग पावलं, मग मशीन सुरू झालं आणि थांबेचना. बसची गादी बाजूला पडली होती. सुईखाली कापड नाही हे तिला मागे न बघताच आवाजावरून कळलं. दोरा नुसता वाया जात होता.

एरवी तिने दुकान डोक्यावर घेतलं असतं. आज ती दाराकडे तोंड करून बसून राहिली आणि मशीन चालू दिलं.