त्रिशलाचे शेवटचे पॉइंट

वाशिमजवळच्या मालेगावच्या बाजारात घेवरचंदशेठना कोणी मालात फसवलं, असं छत्तीस वर्षांत घडलं नव्हतं. भांड्यांचं दुकान त्यांचं. पातेलं बोटाने वाजवून ते पत्रा किती जाड आहे ते सांगत, आणि केनवडहून आलेलं गिऱ्हाईक घासाघीस कुठे थांबवणार हे त्याच्या चपलांकडे बघून ओळखत. असल्या माणसाने जूनच्या भर उन्हात, स्वतःच्या गल्ल्यावर बसून, भांड्यांचा एक सेट तिप्पट भावाने घेतला. तोही विमान कंपनीकडून. डोकं फिरलं होतं म्हणाल, तर फिरलंच होतं. एकुलती एक मुलगी घर सोडून जायला निघाली होती.

त्रिशला सत्तावीस वर्षांची. पुण्यात ऑडिटची नोकरी, आज दिल्ली, परवा गुवाहाटी, अशी चार वर्षं ती विमानातच राहिली म्हणा ना. मागच्या दिवाळीला घरी आली ती राजीनामा देऊनच. म्हणाली, मला दीक्षा घ्यायची आहे. घेवरचंद आधी हसले, मग ओरडले, मग आठ दिवस बोललेच नाहीत. तिची आई कंचनबाई रडून रडून गप्प झाल्या. सहा महिने मुलगी एका शब्दाने वाकडं बोलली नाही आणि एका पावलाने मागे हटली नाही. शेवटी एका रविवारी गावातल्या जैन स्थानकात, सगळ्या संघासमोर, घेवरचंदांनी दीक्षेला संमती देणाऱ्या आज्ञापत्रावर सही केली. सही करताना हात थरथरला नाही, याचं त्यांना नंतर फार वाईट वाटलं. थरथरला असता तर कोणीतरी अडवलं असतं, असं उगाच त्यांना वाटायचं.

दीक्षा झाली की ती यांची मुलगी उरणार नव्हती. गाडीत बसणार नाही, फोनवर बोलणार नाही, दोन पांढरी वस्त्रं आणि लाकडी पात्रं घेऊन गावोगाव पायी फिरणार. पुन्हा कधी दारात आलीच तर गोचरीला, म्हणजे भिक्षेला येणार, आणि जेवढं लागेल तेवढं पात्रात घेऊन पुढच्या घरी जाणार. हे सगळं घेवरचंदांनी दुसऱ्यांच्या मुलींच्या बाबतीत हात जोडून पाहिलं होतं. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत त्यांना ते बघवत नव्हतं, एवढं साधं आहे.

मुहूर्ताला एकवीस दिवस राहिले होते. तो चुकला तर चातुर्मास लागणार होता, दीक्षा देणाऱ्या महासतीजी पुढच्या गावी निघून जाणार होत्या आणि गोष्ट थेट कार्तिकी पौर्णिमेनंतर गेली असती. पाच महिने. पाच महिन्यांत माणसाचं मन बदलतं, निदान घेवरचंदांनी तशी गाठ मनाशी बांधली होती.

आणि त्रिशलाने स्थानकात एक नियम घेतला होता. माझ्या नावावर काहीही उरलेलं असेल तोवर मी दीक्षेचं पाऊल उचलणार नाही. बँकेतलं खातं बंद झालं, दागिने आईकडे गेले, कपडे वाटले गेले. उरले ते विमान कंपनीच्या खात्यातले, चार वर्षांच्या प्रवासावर साठलेले अडुसष्ट हजार पॉइंट. ते कोणाच्या नावावर करता येत नव्हते, त्यांचे पैसेही मिळत नव्हते. एक तर तिकीट काढा, नाही तर त्यांच्या यादीतली वस्तू घ्या. नुसते सोडून द्यायला तिचं मन होईना. कोणाच्या तरी कामाला यावेत, असं तिला वाटत होतं.

ती आईच्या नावावर केलेला फोन घेऊन दुकानात आली. वाहनाचा त्याग तिने आधीच केला होता, तेव्हा तिकीट तिच्या कामाचं नव्हतं. तुम्ही आणि मम्मी कुठे जाऊन या, असं म्हणाली. घेवरचंद जन्मात विमानात बसले नव्हते. ते एकदम भडकले. तुझ्याशिवाय आम्ही कुठे जायचं आणि काय बघायचं, असं त्यांनी विचारलं, आणि आवाज इतका चढला की समोरच्या दुकानातला देवमन टेलर मशीन थांबवून बघू लागला. त्रिशलाने फोनवर वस्तूंची यादी उघडली. मग म्हणाली, तर मग गावातल्या मुलींच्या वसतिगृहाला भांडी घेऊ.

"भांड्यातलं तुमालेच कळते, पप्पा. तुमीच निवडा."

घेवरचंदांनी चष्मा लावला आणि यादी बघितली. बघता बघता त्यांच्यातला व्यापारी जागा झाला. नुसती लूट होती. मिक्सर बावीस हजार पॉइंटांना, जो त्यांच्या दुकानात अडीच हजार रुपयांत मिळत होता. एवढ्या पॉइंटांत माणूस नागपूरहून दिल्लीला जाईल, हे त्रिशलानेच त्यांना सांगितलं. म्हणजे तिकीट काढलं तर रुपयाचा रुपया, वस्तू घेतली तर रुपयाचे पाच आणे. हे ते मुलीला सांगणारच होते. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात त्यांना प्रत्येक वस्तूखाली बारीक अक्षरात दिवस लिहिलेले दिसले. मिक्सर, चार दिवस. इस्त्री, पाच दिवस. ते खाली खाली जात राहिले. तळाशी परदेशी बनावटीचा काळ्या भांड्यांचा सेट होता, असली भांडी ते दुकानात उभीसुद्धा करत नसत. अडुसष्ट हजारांना थोडे कमी. पोहोचायला तीस ते पंचेचाळीस दिवस.

"हाच घे," ते म्हणाले.

"महाग नाही वाटत?"

"माल चांगला हाय."

मुलीने विश्वास ठेवला. बापाने मालाबद्दल कधी खोटं सांगितलेलं तिने पाहिलंच नव्हतं. उरलेले तीन-चारशे पॉइंट तिने कंपनीच्या झाडं लावण्याच्या योजनेला देऊन टाकले, वस्तू मागवली, पत्ता दुकानाचा दिला आणि खात्यातलं शून्य बापाला दाखवलं. घेवरचंदांच्या जिवात जीव आला. पार्सल हातात पडून वसतिगृहाला जाईपर्यंत ते तिच्याच नावावर होतं, आणि मुहूर्ताला तर एकवीसच दिवस होते.

पार्सल अकराव्या दिवशी आलं. मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, वाशिमहून कुरिअरची गाडी दुकानासमोर थांबली. एरवी चार दिवसांचा माल पंधरा दिवसांत येतो. हाच तेवढा धावत आला. घेवरचंदांनी सही केली, इकडे तिकडे बघितलं आणि खोका मागच्या गोदामात पिंपांच्या आड सरकवून वर जुनं पोतं टाकलं. बासष्टाव्या वर्षी माणूस आपल्याच दुकानात चोरासारखा वागला.

दुपारी त्रिशला घरी त्यांना ताट वाढत होती.

"पप्पा, पार्सल आलं काय?"

"नाही आलं."

बुधवारी तिने तेच विचारलं. गुरुवारी आणि शुक्रवारीही. एकदाच विचारायची, उत्तर ऐकायची आणि आत जायची. चिडणं नाही, चौकशी नाही. घेवरचंदांना वाटलं, जमतंय. रात्री झोप लागत नव्हती ती गोष्ट वेगळी. गोदामाकडे जायचं त्यांनी टाळलं होतं, एका गिऱ्हाइकाला पिंप हवं होतं तर संपलं म्हणून सांगितलं.

शनिवारी सकाळी देवमन टेलरची बायको पौर्णिमा धावत दुकानात आली. त्रिशला स्थानकाच्या पायरीवर चक्कर येऊन बसली होती. घेवरचंद चप्पल न घालताच निघाले. ते पोहोचेपर्यंत कंचनबाई मुलीचं डोकं मांडीवर घेऊन पदराने वारा घालत होत्या. पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

कंचनबाई त्यांच्यावर कडाडल्या. "चार दिवस झाले, पोटात अन्न नाही तिच्या. नुसतं उकळलेलं पानी. कायले उपास करून राह्यली, तर सांगत नाही. तुमाले दिसत नाही काय?"

नव्हतं दिसलं. चार दिवस ते ताटात मान घालून जेवत होते, मुलीकडे बघायची हिंमतच नव्हती.

ते पायरीवर टेकले. कशाचा उपास, असं त्यांनी हळूच विचारलं. त्रिशलाने डोळे उघडले. पार्सल पोहोचल्याचा निरोप मंगळवारीच तिच्या फोनवर आला होता. असा निरोप येतो हे घेवरचंदांच्या गावीही नव्हतं. दुकानाचा पत्ता दिला म्हणजे बातमी दुकानापुरतीच राहणार, असं ते धरून चालले होते.

"तुमी नाही म्हनले, तवापासून जेवली नाही मी," ती म्हणाली. "खोटं तुमी बोलले, पन माह्यासाठी बोलले ना, पप्पा. मंग उपास मीच कराले पायजे."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, त्यांना भांडता आलं असतं.

मुहूर्ताला सहा दिवस राहिले होते. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या पायरीवर बसल्या बसल्या घेवरचंदांनी हिशोब केला. आणखी सहा वेळा नाही म्हणायचं. चार आणि सहा, दहा उपास. लोक आठ करतात, महिन्याचेही करतात, पोरगी तरुण आहे, काढेल. मग मुहूर्त टळला. पाच महिने आपले. हा विचार त्यांच्या मनात पूर्ण आला, शेवटपर्यंत आला. मग त्यांचं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं. लहानपणी यात्रेत घेतलेली बांगडी आता पुन्हा बसेल, एवढं ते बारीक झालं होतं. घेवरचंद उठले आणि दुकानाकडे चालू लागले.

खोका जड होता. देवमन हात लावायला आला, त्याला त्यांनी बाजूला केलं. तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी, दोनदा खाली ठेवत, तिसऱ्यांदा उचलत, ते तो स्वतः घेऊन आले आणि मुलीसमोर ठेवला.

"आलं," ते म्हणाले.

"कवा?"

"मंगळवारी." आणि बाजारातली माणसं बघत असताना घेवरचंद तोंडावर उपरणं धरून रडले.

दुपारी वसतिगृहाच्या बाई येऊन खोका घेऊन गेल्या. त्रिशलाच्या नावावर आता या जगात काही नव्हतं.

रविवारी सकाळी, सूर्य थोडा वर आल्यावर, उपासाचं पारणं होतं. कंचनबाईंनी मुगाचं कोमट पाणी वाटीत काढलं आणि वाटी मुद्दाम नवऱ्याच्या हातात दिली. घेवरचंद मुलीसमोर पाटावर बसले. पहिला चमचा तिने डोळे मिटून घेतला. दुसऱ्याला जरा हसली.

"आता खरं सांगा. माल कसा होता?"

"घाट्याचा, बेटा. तिप्पट महाग पडला. आंधळ्यानंबी घेतला नसता."

"मंग तुमी काहून घेतला?"

त्यांनी पुढचा चमचा भरला. उत्तर तिला ठाऊक होतं. वाटी निम्मी झाली होती. घेवरचंद आता चमचा अर्धाच भरू लागले होते, आणि त्रिशला तो तेवढाच घेत होती, घाई न करता.