प्लॉटातली बाई

मोहिनी झेंडूच्या सरीत पडली तेव्हा खंडेराव बांधावर क्रेट रचत होता. त्याने वळून पाहिलं ते झुंबरबाईच्या ओरडण्याने. झुंबरबाई म्हणजे त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून माहेरीच राहिलेली, घर तिच्याच हातात.

"आरं, आधी तिला बाहेर काढा! प्लॉट विटाळला!"

खंडेराव रोपं तुडवत धावला. सून कुशीवर पडली होती. ओठ पांढरे, साडी मांड्यांपासून घोट्यापर्यंत लाल. खालची मातीही भिजली होती.

दसरा दोन दिवसांवर होता. दसऱ्याचा झेंडू देवाचा, म्हणून पाळी आलेल्या बाईने त्याच्या प्लॉटात पाय ठेवायचा नाही, ठेवला तर झाडं जळतात, अशी त्या घराची समजूत. पण तोडणीला तर घरातली एकूण एक बाई लागायची. मग घटस्थापनेच्या आधी मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या यायच्या. खंडेरावच्या बायकोने, ललिताने, त्या वीस वर्षं घेतल्या. गणपतीला, नवरात्रात, दिवाळीत. शेवटी शेवटी तिला मधेच रक्त जायला लागलं. गोळ्या घेतल्या की थांबायचं, आणि ती पाटी घेऊन प्लॉटात जायची. थांबलं म्हणजे बरं झालं असं दोघांनाही वाटायचं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर सापडला तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी झाला नाही हा, पण गोळ्यांनी तो दिसू दिला नाही. मागच्या माघात ती गेली.

खंडेरावने मोहिनीला उचललं आणि बांधावर उभ्या पिकअपकडे निघाला. गाडी फुलांनी भरलेली होती. किशोर, त्याचा मुलगा, दोरी आवळत होता. बायकोला पाहून त्याचे हात थांबले.

"मागं जागा कर."

"तात्या, माल भरलाय. रिक्षा बोलावतो ना."

"जागा कर म्हणलं!"

झुंबरबाई आडवी आली. "देवाच्या फुलात घालतो का तिला? खंडू, डोकं फिरलं का तुझं? अंगावरून जातंय थोडं. बायकांचं असतंच. घरी निजवा, गूळपाणी द्या."

"ललितालाबी तू हेच म्हणत होती, आक्का."

त्याने सुनेला बांधावर ठेवलं, विळ्याने दोरी कापली आणि क्रेट खाली फेकायला सुरुवात केली. क्रेट फुटत होते, फुलं चाकाखाली जात होती. किशोरने त्याचा दंड धरला. खंडेरावने हातातला क्रेट तसाच पोराच्या तोंडावर मारला. किशोर खाली बसला, उठला, आणि त्याने बापाची गचांडी धरून त्याला गाडीच्या फाळक्यावर आदळलं. किशोरच्या ओठातून रक्त गळत होतं.

"मला मारता? आईला गोळ्या कोण आणून द्यायचं? तुम्हीच ना? त्याच दुकानातून, त्याच गोळ्या आणल्या मी!"

हे खरं होतं. खंडेरावने त्याला पुन्हा मारलं. मग पुन्हा. तिसऱ्या ठोशाला त्याची स्वतःचीच बोटं सोलली, तरी तो थांबला नाही. किशोरने हात खाली सोडले आणि तो नुसता मार खात उभा राहिला, तेव्हा खंडेराव थांबला.

तेवढ्यात झुंबरबाईने गाडीची किल्ली काढून मुठीत धरली. "फुलं उतरवायची नाय. मी जित्ती हाय तोवर नाय."

या बहिणीने त्याला लहानाचा मोठा केला होता. तिच्यापुढे त्याने कधी आवाज चढवला नव्हता. आता त्याने तिचं मनगट धरलं आणि किल्ली पडेपर्यंत पिळलं. आत काहीतरी कट्‌कन वाजलं. झुंबरबाई किंचाळून मातीत बसली.

मजूर बाया लांब उभ्या होत्या. त्यांच्यातली पेठकडची सखुबाई तेवढी पुढे झाली. तिने आपली चादर गाडीत अंथरली, मोहिनीला खंडेरावबरोबर आत घेतलं आणि तिचे पाय एका रिकाम्या क्रेटवर उंच ठेवले.

"चालव रं," ती किशोरला म्हणाली. "का बघत बसतो?"

मखमलाबाद नाक्याच्या आसपास मोहिनीने डोळे उघडले. "मामा, फुलं खराब झाली का?"

"गप पड."

"एकोणीस दिवस झाले. आत्याबाई म्हणल्या, एकीनं थांबत नसंल तर दोन घे."

किशोरने ते केबिनच्या मागच्या खिडकीतून ऐकलं आणि गाडी जोरात घेतली.

सिव्हिलला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती दिवसांपासून जातंय?"

"तीन... चार," किशोर म्हणाला.

"एकोणीस," खंडेराव म्हणाला.

बाईंनी किशोरच्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं. "तासाभरात पॅड भिजतो, आठवडा उलटला तरी पाळी थांबत नाही, किंवा मधेच रक्त जातं. यातलं एक जरी झालं तरी इथं यायचं. गोळ्यांनी दाबून ठेवायचं नाही. पाळी कायमची गेल्यावर थेंब जरी दिसला तरी यायचं."

मोहिनीच्या अंगात जेमतेम चार हिमोग्लोबिन उरलं होतं. गर्भाशयात गाठ होती. रक्ताच्या बाटल्या लागल्या. दुपारी तीनला बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "वाचेल. गाठ साधी दिसतेय, तरी तुकडा तपासू."

किशोर भिंतीला टेकून रडायला लागला. खंडेराव त्याच्याजवळ गेला, पण त्याला हात लावायचं धाडस झालं नाही.

बाकावर झुंबरबाई येऊन बसली होती. शेजाऱ्याने मोटारसायकलवर आणलं होतं. मनगट टम्म सुजलेलं, फडक्यात बांधलेलं.

"पोरगी?"

"वाचली."

मग ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "माझी पाळी जाऊन सहा वर्सं झाली, खंडू. गणपतीपासून परत जातंय."

"आणि तू तिला बायकांचं असतंच म्हणत होती?"

"मीबी घेते गोळ्या. नायतर प्लॉटात कशी उतरणार होते?"

खंडेरावच्या सोललेल्या मुठी पुन्हा आवळल्या. समोर हाडांच्या डॉक्टरची रांग होती. झुंबरबाई तिकडे जायला उठली. त्याने तिचा चांगला हात धरला आणि तिला उलट्या बाजूला, बायकांच्या विभागाकडे ओढलं.

"हात दुखतोय रं!"

"हात नंतर."