टिकल्यांचा तक्ता

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, आणि तडकलेलाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. कुर्ल्याच्या एका काचवाल्याने माझ्या कडा घासल्या आणि तीस वर्षांपूर्वी वनमालाबाईंनी मला घाटकोपरच्या घरी आणलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तोंड धुण्याआधी त्या कपाळावरची टिकली काढून माझ्यावर चिकटवतात. तडा गेल्या वर्षी घर रंगवताना गेला.

त्यांची मुलगी शीतल मुलुंडच्या एका इस्पितळात नर्स आहे. तिला जर्मनीत नोकरी हवी होती आणि त्यासाठी जर्मनची परीक्षा द्यायची होती. त्या भाषेतही तो, ती, ते असतात. त्यांना डेर, डी, दास म्हणतात आणि विभक्ती बदलली की ते तिघेही रूप बदलतात. ड्युटीमुळे शीतलचे निम्मे क्लास बुडत, म्हणून तिने माझ्यावरच तक्ता आखला. चार विभक्तींच्या चार ओळी, तीन लिंगांचे तीन रकाने. डेरला निळी टिकली, डीला लाल, दासला हिरवी, उरलेली रूपं पेनाने. वेणी घालता घालता ती घोकायची. एवढा मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

ती चार गुणांनी नापास झाली. दशरथमामा आले आणि त्यांनी मला खिळ्यावरून उतरवलंच.

"ताई, तडकलेला आरसा घरात ठेवतात का? भंगारात दे. आणि हिचं जर्मनी-बिर्मनी बंद कर आता."

मला संताप आला. माझा तडा कुणाचा पेपर लिहायला गेला नव्हता.

शीतल पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसली आणि एकेक घर ताडून पाहू लागली. तिसऱ्या ओळीत डीचंही डेर होतं, म्हणून मधल्या घरात निळी टिकली हवी होती; तिथे लाल होती. दोन महिने तिने तेच चुकीचं पाठ केलं होतं.

वनमालाबाई वाकून बघत म्हणाल्या, "ही माझी गं. इथली निळी गळून पडली असणार. मोकळी जागा दिसली, सवयीने लावली."

"बघ, आरशानेच घात केला," मामा म्हणाले.

"आरशाने नाही, मी केला. अपशकुन आपल्या बापाने सोडले, दशरथ. तू परत घरात आणू नकोस. टांग तो."

"आणि मामा, मी परत बसणार," शीतल म्हणाली. "पुन्हा नापास झाले तर तिसऱ्यांदा बसेन."

मामांनी मला परत खिळ्यावर टांगलं.

त्यानंतर वनमालाबाईंनी सगळा तक्ता स्वतः पाठ केला. शीतल ड्युटीवरून आली की चहाआधी प्रश्न. "तिसरी ओळ, मधलं घर?" चुकलं तर चहा नाही. सहा महिन्यांनी शीतल पास झाली आणि गेलीसुद्धा. निघताना तिने आपली टिकली माझ्या तड्यावर चिकटवली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, आणि आपल्या चुका त्यांच्या माथी मारू नका. मला पुसायचं असेल तर खुशाल पुसा, पण तिसऱ्या ओळीला हात लावू नका. तिथली निळी टिकली वनमालाबाईंनी स्वतः लावली आहे.